हार्पेग्नाथोस साल्टेटर मुंगीच्या नव्या वसाहतीचे संगोपन

हार्पेग्नाथोस साल्टेटर ही भारतात आढळणारी, उडी मारून भक्ष्य पकडणारी मुंगीची एक जात आहे. तिला ‘भारतीय उडी मारणारी मुंगी’ किंवा ‘जर्डनची उडी मारणारी मुंगी’ असेही म्हणतात. मोठे डोळे, विळ्यासारखे लांब जबडे, एकट्याने शिकार करण्याची सवय आणि राणीच्या मृत्यूनंतर कामकरी मुंग्यांनीच प्रजननाचे काम हाती घेण्याची रीत या वैशिष्ट्यांमुळे ती जगभरातील प्रयोगशाळांत तसेच मुंगीपालनाचा छंद असणाऱ्यांत परिचित आहे. तिची वसाहत लहान असते. त्यामुळे ती पाळण्यास सोपी असावी असा समज होतो; तो अर्धाच खरा आहे. वाढलेली वसाहत खरोखरच चिवट असते, पण एक राणी आणि दोन-चार कामकरी एवढ्यावरच उभी असलेली नवी वसाहत अत्यंत नाजूक असते. सामान्य मुंग्यांसाठी सांगितले जाणारे पालनाचे नियम तिला जसेच्या तसे लावल्यास ती बहुधा दगावते.

नाव व वर्गीकरण

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन थॉमस कॅव्हरहिल जर्डन यांनी १८५१ मध्ये केले. जर्डन हे मद्रास इलाख्यात नोकरीस असलेले डॉक्टर होते. भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथांमुळे त्यांचे नाव आज अधिक स्मरणात आहे. परंतु दक्षिण भारतातील मुंग्यांची त्यांनी तयार केलेली सूचीही तेवढीच मोलाची आहे. ‘हार्पेग्नाथोस’ हे प्रजातीनाम ग्रीक भाषेतील विळा आणि जबडा या अर्थांच्या शब्दांवरून घेतले आहे. ‘साल्टेटर’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ नाचणारा, उड्या मारणारा असा होतो. दोन्ही शब्द एकत्र घेतल्यास मुंगीचे जवळजवळ संपूर्ण चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

ही मुंगी फॉर्मिसिडी कुलाच्या पोनेरिनी उपकुलात मोडते. या उपकुलातील मुंग्या प्रामुख्याने शिकारी असतात, त्यांना नांगी असते आणि अनेक जातींत राणी व कामकरी यांच्यातील शारीरिक फरक फारसा मोठा नसतो. साखरेच्या डब्याला लागणाऱ्या किंवा आंब्याच्या झाडावर पाने जोडून घरटे करणाऱ्या मुंग्यांच्या राहणीहून यांची राहणी पुष्कळच वेगळी आहे.

वर्णन व शिकारीची रीत

कामकरी मुंगीची लांबी सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर असते. शरीराचा पुढील भाग तांबूस आणि उदर काळसर असते. जबडे लांब, निमुळते आणि टोकाशी किंचित वर वळलेले असतात. डोळे डोक्याच्या पुढील बाजूस असून मुंगीच्या मानाने फारच मोठे आहेत. बहुतेक मुंग्या वासावर विसंबून चालतात. ही मुंगी मात्र दिवसा, डोळ्यांनी पाहून शिकार करते.

उडी मारताना ती मधले आणि मागले पाय एकाच क्षणी झटक्याने सरळ करते. अशा उडीत ती सुमारे १० सेंटिमीटरपर्यंतचे अंतर कापू शकते. भक्ष्यावर झेप घेणे हा उडीचा एक उपयोग, संकटातून निसटणे हा दुसरा. बंगळूरचे कीटकशास्त्रज्ञ मुश्ताक अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी या उड्यांचा तपशीलवार अभ्यास केला.

शिकार सापडल्यावर ही मुंगी इतरांना बोलावून आणत नाही. वासाची वाट आखणे, रांगा लावणे हे प्रकार तिच्यात दिसत नाहीत. रातकिडा, झुरळ, कोळी असे भक्ष्य ती जबड्यांत पकडते, नांगी मारून लुळे करते आणि एकटीच वारुळात ओढून नेते. नांगीच्या विषाने भक्ष्य लगेच मरत नाही, ते काही काळ निश्चेष्ट पण जिवंत राहते. म्हणून ते कुजत नाही आणि अन्नाचा साठा म्हणून वापरता येते. मुंग्यांच्या इतर अनेक जातींत पोटात साठवलेले द्रव अन्न तोंडातून तोंडात देण्याची सोय असते. पोनेरिनी उपकुलातील बहुतेक मुंग्यांत ती नसते, त्यामुळे ताजे ठेवलेले भक्ष्य हेच त्यांचे कोठार ठरते.

नैसर्गिक वारूळ

कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात जोग धबधब्याच्या परिसरात या मुंगीच्या वसाहतींचे बरेच संशोधन झाले आहे. हा गोव्याच्या दक्षिणेकडील सह्याद्रीचा, अतिपावसाचा भाग आहे. तेथील वारुळांच्या रचनेचे वर्णन क्रिस्चियन पीटर्स, बर्ट होल्डॉब्लर, मार्क मॉफेट आणि मुश्ताक अली यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले.

मुंग्यांची मुख्य दालने जमिनीच्या पृष्ठभागापासून फार खोल नसतात. वरचे दालन घुमटासारखे असून त्याला मातीचे जाड कवच असते आणि कवच व सभोवतालची माती यांच्यामध्ये पोकळी राखलेली असते. कवचातील प्रवेशद्वारे लहान असून त्यांच्याभोवती मातीची उंचवट कड असते. दालनांच्या भिंतींना आतून रिकाम्या कोषांचे तुकडे कागदासारखे चिकटवलेले असतात. उष्ट्या भक्ष्याचे अवशेष टाकण्यासाठी खाली वेगळे दालन असते. पावसाळ्यात जमिनीत मुरणारे पाणी पोकळीतून खाली निघून जावे आणि अंडी-अळ्यांचे दालन कोरडे राहावे अशी ही योजना असल्याचे संशोधकांचे मत आहे.

या वारुळावर वसाहतीने बरेच श्रम खर्च केलेले असतात आणि याच गोष्टीशी वसाहतीच्या पुढील इतिहासाचा संबंध आहे. काही मुंग्यांच्या जातींत वसाहत दोन भागांत फुटते आणि एक भाग दुसरीकडे जातो. येथे तसे होत नाही. तयार घर सोडून जाण्यापेक्षा राणी मेल्यानंतरही त्याच घरात टिकून राहणे वसाहतीच्या हिताचे ठरते. वसाहतीत साधारणतः शंभराहून कमी कामकरी असतात.

नव्या वसाहतीची स्थापना

बहुसंख्य परिचित मुंग्यांत मीलनानंतर राणी पंख झाडते, जमिनीत लहानशी कोठडी करते आणि तिचे दार बंद करून घेते. पंखांचे स्नायू व शरीरातील चरबी यांवर ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांनाही पोसते. पहिल्या कामकरी बाहेर पडेपर्यंत ती काही खात नाही. पाळणाऱ्यांनी ही गोष्ट चांगलीच आत्मसात केली आहे. काचेच्या नळीत एका टोकाला पाणी, मध्ये कापसाचा बोळा, पुढे राणी, तोंडाशी दुसरा बोळा, आणि वर ‘महिनाभर उघडू नका’ ही सूचना, अशी ही सर्वमान्य पद्धत आहे.

हार्पेग्नाथोसच्या राणीला ही पद्धत लागू पडत नाही. तिच्या शरीरात पहिल्या पिढीला पोसण्याइतका साठा नसतो. ती अंडी घालते, त्यांची निगा राखते आणि मधूनमधून स्वतःच शिकारीस बाहेर जाते. या प्रकारास अर्धबंदिस्त स्थापना म्हणता येईल. निसर्गात या काळातील प्रत्येक फेरी म्हणजे संपूर्ण वसाहतीची बाजी असते, कारण राणीला पक्षी, पाल किंवा कोळ्याने टिपले तर मागे राहिलेल्या अंड्यांना कोणी वाली उरत नाही. बंदिस्त पालनात हा धोका नाहीसा होतो, पण त्याच्या जागी दुसरा येतो. राणीला सवयीप्रमाणे नळीत बंद करून अंधारात ठेवले, तर ती उपाशी राहते, घातलेली अंडी खाऊन टाकते आणि अखेरीस मरते. या जातीची नवी वसाहत दगावण्यामागे दुर्लक्षापेक्षा अशी चुकीच्या जागी दाखवलेली काळजी अनेकदा कारणीभूत असते.

म्हणून राणीस राहण्यासाठी लहान, दमट व अंधारी जागा आणि तिला लागूनच शिकारीसाठी लहानसे मोकळे अंगण अशी दोन्ही सोय पहिल्या दिवसापासून असावी लागते. अंगण मोठे असून चालत नाही. एकट्या राणीला भक्ष्य नजरेच्या टप्प्यात मिळाले पाहिजे आणि परतीची वाटही सापडली पाहिजे.

राणी ओळखणे हे या जातीत वाटते तितके सोपे नाही. राणी आणि कामकरी यांच्या आकारात थोडाच फरक असतो. पंख असल्यास प्रश्न नाही. पंख झडलेले असल्यास वक्षावरील पंखांच्या खुणा आणि उड्डाणाच्या स्नायूंमुळे भरदार झालेले वक्ष पाहावे लागते. राणीचे मीलन झालेले आहे की नाही हे मात्र बाहेरून कळत नाही. मुंग्यांमध्ये फलित अंड्यांपासून माद्या आणि अफलित अंड्यांपासून नर जन्मतात. त्यामुळे पहिल्या पिढीत केवळ पंखधारी नरच निघाले, तर राणी अविवाहित होती असे समजावे. अनेक आठवड्यांच्या निगराणीनंतर हा निकाल हाती येतो, आणि त्यावर उपाय नसतो.

कृत्रिम घरटे

प्रयोगशाळांत या मुंग्या प्लास्टिकच्या पेट्यांत, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तळात कोरलेल्या दालनांत ठेवतात. दालनावर काच असते, त्यामुळे आतील हालचाल पाहता येते. प्लास्टर पाणी शोषून घेते आणि ओलावा हळूहळू सोडते, हा त्याचा मुख्य गुण आहे. तापमान साधारणपणे २५ अंश सेल्सिअस आणि १२ तास उजेड, १२ तास अंधार असे चक्र ठेवले जाते. पश्चिम घाटातील हवामानाशी जुळणारी ही मात्रा आहे. समशीतोष्ण देशांतील मुंग्यांना हिवाळ्यात थंड जागी ठेवून विश्रांती द्यावी लागते, तशी या मुंगीला लागत नाही.

ओलावा किती हवा याचे गणित प्रमाणातच मांडावे लागते. दालनाचा एक भाग ओलसर आणि दुसरा तुलनेने कोरडा असेल, तर मुंग्या अंडी, अळ्या आणि कोष आपल्या सोयीने हलवतात. कोष बहुधा कोरड्या बाजूस नेले जातात. काचेवर पाण्याचे थेंब साचू लागले म्हणजे ओलावा अति झाला. निसर्गात घुमट, पोकळी आणि कड अशा तीन योजना करून पाणी दूर ठेवणाऱ्या मुंगीला ओल्या तळावर ठेवणे म्हणजे तिच्या सगळ्या स्थापत्यावर पाणी ओतण्यासारखे आहे.

दालनाची उंची कमी ठेवावी. फार मोठे घरटे दिल्यास लहान वसाहत त्याच्या एका कोपऱ्यात राहते आणि उरलेल्या जागेत उष्टे टाकते, त्यावर बुरशी येते. काचेवर लाल पारदर्शक कागद लावल्यास मुंग्यांना अंधार जाणवतो आणि निरीक्षण करता येते. अंगणाला घट्ट झाकण असणे आवश्यक आहे. भिंती चढू न देणारी तेलकट किंवा पावडरीची पट्टी इतर मुंग्यांसाठी पुरते, येथे उडीचाही विचार करावा लागतो. मुंगी जोरात धडकू नये म्हणून झाकण उघडताना पेटी हलवू नये. या मुंग्यांना धक्का लगेच जाणवतो आणि घाबरलेल्या अनेक मुंग्या एकाच वेळी उड्या मारू लागतात.

नांगीचा दंश वेदनादायक असतो. ज्यांना मधमाशी, गांधीलमाशी किंवा मुंगीच्या दंशाची ॲलर्जी आहे त्यांनी ही जात हाताळू नये.

अन्न

प्रयोगशाळांत या मुंग्यांचे मुख्य अन्न जिवंत रातकिडे हेच असते. घरगुती पालनात लहान झुरळे, फळमाश्या आणि पाळीव पक्ष्यांच्या खाद्यासाठी वाढवलेल्या अळ्याही दिल्या जातात. घरात सापडलेले झुरळ देणे धोक्याचे असते, कारण त्याच्यावर कीटकनाशक फवारलेले असण्याची शक्यता असते आणि अशा एका घासाने छोटी वसाहत संपूर्ण संपू शकते.

भक्ष्याच्या आकाराची बाब नव्या वसाहतीत निर्णायक ठरते. मोठा रातकिडा राणीला किंवा पहिल्या कामकरीला चावू शकतो, अळ्यांनाही इजा करू शकतो. एकट्या मुंगीने शिकार करायची असल्याने संख्याबळ तिच्या मदतीला येत नाही. शंभर मुंग्यांच्या वसाहतीत एक शिकारी गमावणे हा किरकोळ तोटा असतो. तीन मुंग्यांच्या वसाहतीत तोच तोटा एक तृतीयांश असतो. म्हणून मुंगीच्या निम्म्या लांबीचे भक्ष्य द्यावे आणि ते आधी थंड जागी ठेवून मंद करावे. मेलेले भक्ष्य मुंगी नेईलच याची खात्री नसते, कारण ती हालचाल पाहून शिकार करते.

यावर प्रयोगशाळांनी एक सुज्ञ तोडगा काढला आहे. मोठ्या वसाहतीतील मुंग्यांना रातकिडे द्यायचे, त्यांनी नांगी मारून लुळे केले की ते काढून एकट्या ठेवलेल्या किंवा अगदी लहान गटातील मुंग्यांना द्यायचे. भक्ष्य ताजे राहते, धोका उरत नाही आणि शिकारीचा भार तेवढ्यापुरता दुसऱ्या वसाहतीने उचललेला असतो. घरी एकच वसाहत असणाऱ्यास हा मार्ग अर्थातच बंद आहे.

किती वेळा अन्न द्यावे याचे उत्तर अळ्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. अंडी आणि कोष यांना अन्न लागत नाही, अळ्यांना लागते. अळ्या नसलेल्या वसाहतीस रोज खाऊ घातल्यास केवळ सडलेले अवशेष वाढतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा अन्न देऊन, न खाल्लेले अवशेष दुसऱ्या दिवशी काढणे ही सामान्य रीत आहे. पाणी स्वतंत्रपणे, कापसातून झिरपणारे असे ठेवतात.

अंडी, अळी आणि कोष

अंडी पांढरट, लांबट असतात आणि मुंग्या ती पुंजक्याने धरून ठेवतात. अंड्यांतून अळी बाहेर पडण्यास काही आठवडे लागतात. अळ्या मानेसारखा लांब भाग पुढे वाकवून, जवळ ठेवलेल्या भक्ष्याचे मांस स्वतःच खातात. त्यामुळे भक्ष्य अळ्यांपर्यंत पोहोचले की नाही हे पाहणे, ते अंगणात पोहोचले की नाही हे पाहण्याहून महत्त्वाचे असते.

पूर्ण वाढलेली अळी रेशमाचा कोष विणते. त्यासाठी तिला धागा अडकवायला बारीक कणांचा आधार लागतो. मुंग्या अळीला मातीच्या कणांनी झाकून हा आधार देतात आणि कोष तयार झाल्यावर वरचे कण काढून टाकतात. गुळगुळीत प्लास्टरच्या, अतिस्वच्छ दालनात हे कण नसतात. अळ्या धागे सोडतात, पण कोष पुरा होत नाही आणि त्या वाळून जातात. चिमूटभर बारीक माती किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा दालनात ठेवल्याने हा प्रश्न मिटतो. सजावट म्हणून दिली जाणारी माती इथे दाईचे काम करते.

कोषातून बाहेर येणारी मुंगी फिकट रंगाची व मऊ असते. तिला बाहेर पडण्यास मोठ्या मुंग्या मदत करतात. रिकामे कोष मुंग्या भिंतीला लावण्यासाठी वापरतात हे ध्यानात घेता, स्वच्छतेच्या उत्साहात ते सर्व उचलून टाकू नयेत. पहिल्या पिढीतील कामकरी आकाराने किंचित लहान असू शकतात. त्या शिकारीस जाऊ लागल्या की राणी अंगणात येणे थांबवते. ही घटना नव्या वसाहतीच्या आयुष्यातील सर्वांत मोठा टप्पा होय, कारण राणीच्या जिवावरील मुख्य धोका तेथे टळतो. तोवर दालन वारंवार उघडणे, घरटे बदलणे, अन्य वसाहतीतील प्रौढ मुंग्या मिसळणे हे सर्व टाळणे इष्ट. परक्या प्रौढ मुंगीला अंगावरील गंधावरून ओळखले जाते आणि तिच्यावर हल्ला होतो.

राणी नसलेली वसाहत

इतर बहुतेक पाळीव मुंग्यांत राणी मेली की वसाहतीचा शेवट ठरलेला असतो. कामकरी आपले उरलेले आयुष्य जगतात आणि घरटे रिकामे होते. हार्पेग्नाथोस साल्टेटरची कीर्ती नेमकी येथून सुरू होते.

या जातीच्या कामकरी मुंग्यांत शुक्राणू साठवण्याची पिशवी कार्यक्षम असते, म्हणजेच त्या नराशी मीलन करून फलित अंडी घालू शकतात. अशा मुंगीस ‘गॅमरगेट’ म्हणतात. ग्रीक मूळ पाहता या शब्दाचा अर्थ ‘विवाहित कामकरी’ असा होतो. क्रिस्चियन पीटर्स आणि रॉबिन क्रू यांनी १९८४ मध्ये तो शास्त्रीय लेखनात रूढ केला. राणी जिवंत असेपर्यंत तिच्या अंगावरील रासायनिक गंधामुळे कामकरींचे अंडाशय अविकसित राहतात. राणी नाहीशी झाल्यावर काही दिवसांतच कामकरी एकमेकींसमोर उभ्या राहून शृंगिकांनी फटके मारू लागतात. एक पुढे सरते, दुसरी मागे हटते, मग दुसरी पुढे येते. या द्वंद्वात सहसा इजा होत नाही. ही स्पर्धा सुमारे ४० दिवसांपर्यंत चालते. जिंकणाऱ्या एकाहून अधिक मुंग्या गॅमरगेट होतात आणि वारुळातील नरांशी, म्हणजे प्रायः आपल्याच भावांशी, मीलन करतात.

विजयी मुंगीच्या शरीरात होणारे बदल आश्चर्यकारक आहेत. अंडाशय सुमारे पाच पटींनी वाढतात. विषाची निर्मिती कमी होते. मेंदूचा आकार, विशेषतः दृष्टीशी संबंधित भाग, घटतो. ही घट २५ टक्क्यांच्या आसपास जाते. वुल्फिला ग्रोननबर्ग आणि युर्गेन लीबिग यांनी १९९९ मध्ये मेंदूतील ही घट नोंदवली. अंधाऱ्या दालनात बसून अंडी घालणाऱ्या मुंगीला शिकारीचा मेंदू पोसण्याची गरज नसते, असा त्याचा अर्थ लावला जातो. सामान्य कामकरीचे आयुष्य सुमारे ७ महिने असते, तर गॅमरगेट ३ ते ४ वर्षे जगू शकते.

यापुढील शोध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गॅमरगेट मुंग्यांना काही आठवडे वेगळे ठेवले असता त्यांचे अंडाशय पुन्हा आकसले, त्या शिकारी कामकरींप्रमाणे वागू लागल्या आणि त्यांचा मेंदू पुन्हा पूर्वीच्या आकाराचा झाला. प्रौढ कीटकाचा मेंदू अशा रीतीने लहान होऊन परत मोठा होणे पूर्वी कोणत्याही कीटकात दिसले नव्हते.

गॅमरगेटांची संख्या अमर्याद वाढत नाही. अंडाशय वाढू लागलेल्या नव्या मुंगीला इतर कामकरी जबड्यांत पकडून धरतात आणि त्या दडपणाखाली तिचे अंडाशय पुन्हा आकसतात. या प्रकाराला संशोधक ‘पोलिसगिरी’ म्हणतात. पाहणाऱ्याला हे भांडण वाटते आणि तो पकडलेल्या मुंगीला सोडवू पाहतो. तसे करू नये.

नव्या वसाहतीच्या पालकाला या माहितीचा उपयोग दोन प्रकारे होतो. राणी मेली तरी कामकरी, अळ्या व कोष शिल्लक असल्यास वसाहत फेकून देण्याचे कारण नसते. शृंगिकांची द्वंद्वे दिसू लागली की शांतता, ओलावा आणि अन्न कायम ठेवून वाट पाहावी. मात्र वसाहतीत नर नसल्यास कामकरी केवळ अफलित अंडी घालू शकतात आणि त्यांपासून नरच निपजतात. पुढे त्या नरांशी एखाद्या कामकरीचे मीलन झाले तरच नवी मादी पिढी येते; तोवर जुन्या मुंग्या जगल्या पाहिजेत. तीन-चार कामकरी असलेल्या वसाहतीत हा हिशेब क्वचितच जमतो. गॅमरगेटांमुळे वसाहत टिकते, परंतु गॅमरगेटला पंख नसतात, त्यामुळे निसर्गात नव्या वारुळाचा आरंभ राणीशिवाय होत नाही.

प्रयोगशाळेतील वसाहती

२०१० मध्ये हार्पेग्नाथोस साल्टेटर आणि अमेरिकेतील कॅम्पोनोटस फ्लोरिडॅनस या दोन मुंग्यांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. मुंग्यांचे जाहीर झालेले हे पहिलेच जनुकसंच होत. डॅनी राइनबर्ग, शेली बर्गर आणि युर्गेन लीबिग यांच्या गटांचा त्यात सहभाग होता. २०१७ मध्ये याच जातीत वास ओळखण्यासाठी आवश्यक असणारे ‘ऑर्को’ जनुक निकामी करण्यात यश आले. त्या मुंग्या वसाहतीपासून भरकटत, शिकार नीट करू शकत नव्हत्या आणि समाजजीवनात सामील होत नव्हत्या. २०२२ मधील संशोधनात गॅमरगेटच्या दीर्घायुष्याचा संबंध इन्सुलिनच्या कार्यमार्गातील विशिष्ट बदलाशी जोडला गेला.

अशा प्रयोगांसाठी एकाच मुंगीच्या अंड्यात बदल करून तिच्यापासून पुढील पिढ्या मिळवाव्या लागतात. बहुतेक मुंग्यांत हे अशक्यप्राय आहे, कारण कामकरी वंश चालवत नाही आणि राणीचे मीलन प्रयोगशाळेत घडवून आणणे कठीण असते. येथे कोणतीही कामकरी प्रजननक्षम होऊ शकते. त्यामुळे प्रयोगशाळांतील वसाहती निसर्गातून वारंवार राण्या न आणता पिढ्यानपिढ्या चालवता येतात.

संकलन व कायदा

छंदासाठी विकल्या जाणाऱ्या मुंग्यांबाबत परिस्थिती वेगळी आहे. मीलन झालेली राणी निसर्गातून उचलणे म्हणजे एक संपूर्ण भावी वसाहत उचलणे होय. कोट्यवधींच्या संख्येने असणाऱ्या मुंग्यांत एका राणीने काय बिघडते, हा युक्तिवाद लहान वसाहती असणाऱ्या, विशिष्ट अधिवासात राहणाऱ्या शिकारी जातींना लागू पडत नाही.

मुंग्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार किती वाढला आहे याची जाणीव २०२५ मध्ये केनियातील एका खटल्याने जगाला झाली. एप्रिल महिन्यात तेथे सुमारे ५,००० मुंग्या, प्रामुख्याने मेसर सेफालोटेस जातीच्या राण्या, कापूस घातलेल्या नळ्यांत भरून देशाबाहेर नेण्याच्या प्रयत्नात चौघे पकडले गेले. ७ मे २०२५ रोजी न्यायालयाने प्रत्येकास १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा १२ महिने कारावास अशी शिक्षा ठोठावली. त्या नळ्यांत मुंग्या दोन महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतील अशी व्यवस्था होती, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. मेसर मुंगीची राणी दीर्घकाळ न खाता राहू शकते. हार्पेग्नाथोसची राणी तशा नळीत पाठवली, तर ती गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचेपर्यंत जगण्याची शक्यता बरीच कमी असते.

भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशी व्यक्ती वा संस्थांना येथील जैविक संसाधने मिळवण्यासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वन विभागाच्या परवानगीविना कोणताही वन्य प्राणी, कीटकही, उचलता येत नाही. परदेशी मुंगी पाळणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी येते: नको झालेली वसाहत बाहेर सोडून देऊ नये. अशी वसाहत दुसऱ्या पालकाकडे किंवा शैक्षणिक संस्थेकडे सुपूर्द करता येते. ते शक्य नसल्यास ती शीतपेटीत गोठवून नष्ट करतात.